शांतवन हवालदारांचा सोमवार

आमच्या ख्रिस्ती मंडळीत उपदेशाच्या वेळी एक माणूस उठून बाहेर जायचा. गीत संपलं, दानाची थैली फिरली आणि पाळकसाहेब चष्मा पुसू लागले, की तिसऱ्या बाकाच्या टोकावरून शांतवन हवालदार उठत. बुटांचा आवाज होऊ नये म्हणून चवड्यांवर चालत दारापर्यंत जात आणि अंगणातल्या लिंबाखाली उभे राहत. बसत नसत. अर्धा तास, कधी पाऊण तास. शेवटची प्रार्थना सुरू झाली की आत येऊन आपल्या जागी मान खाली घालून उभे.

नवीन माणूस बघायचा आणि विचारायचा, "हे रुसलेत का कुणावर?"

रुसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्याआधी कितीतरी वर्षं आमच्या देवळात उपदेश सगळ्यात कान देऊन ऐकणारा माणूस तोच होता. आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो. तो बाहेर का जाऊ लागला हे मला ठाऊक आहे, आणि त्यात माझाही थोडा भाग आहे.

मी तेव्हा कऱ्हाड-इस्लामपूर भागातल्या एका लहान मिशन दवाखान्यात नर्स होते. सकाळी दवाखाना, दुपारनंतर सायकलवर आसपासच्या वाड्यावस्त्या. हवालदार मला "शिस्टरबाई" म्हणत आणि भेटले की "सलाम" म्हणून हात कपाळाला लावत. आम्ही सगळेच एकमेकांना सलाम करायचो, पण त्यांचा सलाम फौजेतला. टाच जुळायची. नळावर पाणी भरायला आले तरी दाढी केलेली, बुटांना पॉलिश. मूळचे आटपाडीकडचे. लढाईच्या काळात फौजेत गेले, हवालदार होऊन पेन्शनीत आले आणि बायकोच्या माहेरगावी, आमच्याकडे राहिले.

फौजेत त्यांना रोमन अक्षरं शिकवली होती. मराठी वाचताना बोट ठेवून अडखळायचे, पण लिहायचे ते इंग्रजी अक्षरांत मराठी. रविवारी उपदेशात काही खटकलं, की घरी जाऊन कॅलेंडरच्या मागं एक-दोन शब्द लिहून ठेवायचे. मग आठ दिवस गप्प. नळावर नाही, पारावर नाही, बायकोजवळसुद्धा नाही.

एकदा मी विचारलं, "आठ दिवस कशाला थांबता?"

म्हणाले, "बाई, पायात काय तरी टोचतंय म्हनून लगीच बोंब मारू नये. आठ दिसांत निघून गेलं तर कुसळ. तवाबी टोचत असंल तर काटा. मग ज्येच्या बांधावरचा काटा, त्येलाच जाऊन सांगायचं."

आणि ते जायचे. पुढचा रविवार जाऊ द्यायचे आणि सोमवारी सकाळी पाळकसाहेबांच्या दारात उभे. आमच्या जुन्या पाळकसाहेबांना या सोमवारची सवय झाली होती. ते आधीच दोन कप चहा टाकायला सांगायचे. ते निवृत्त झाले आणि मनोहर पाळक आले. तिशीचे, किरकोळ अंगाचे, आवाज मात्र असा की देवळातली कौलं थरथरावीत. माणूस कष्टाळू. कुणाच्या घरी आजारी असलं की रात्र रात्र उशाशी बसायचे. पण त्यांच्या बोलण्यात दोनच शब्द पुन्हा पुन्हा यायचे, विश्वास आणि आज्ञापालन. विश्वास धरणारा प्रश्न विचारत नाही, असं ते म्हणायचे.

बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी एका रविवारी सांगितलं, की जे देवाची आज्ञा मोडतात त्यांच्या शेतावरचा पाऊस देव आवरून धरतो. बायका पदरानं डोळे पुसत घरी गेल्या. हवालदार नेहमीसारखे आठ दिवस गप्प. दुसऱ्या सोमवारी गेले. तिथं काय झालं ते पाळकीणबाईंनी मला सांगितलं.

"पाळकसाब," हवालदार म्हणाले, "माजा धाकटा भाऊ आटपाडीला हाय. तितं औंदा थेंब न्हाई. हितं नदीकाठाला ऊस उभा हाय. मंजी नदीकाठची मानसं लय आज्ञा पाळत्यात, असं समजायचं का?"

पाळकसाहेब चिडले. "हवालदार, शास्त्र आहे ते. माझ्या पदरचं नाही."

"असंल की. शास्त्राला मी काय म्हनत न्हाई. तुमी माज्यासंगं आटपाडीला चला. भावाला तुमीच सांगा, त्यानं काय मोडलंय ते."

पाळकसाहेब गेले, हे त्यांचंही मोठेपण. एस.टी.नं दोघं आटपाडीकडं गेले आणि दुष्काळी कामावर, जिथं गावंच्या गावं खडी फोडत बसली होती, तिथं दोन दिवस राहिले. परत आले तेव्हा पाळकसाहेबांच्या दोन्ही तळहातांना फोड. मीच मलम लावून पट्ट्या बांधल्या. मी विचारलं, "तुम्ही कशाला हातोडा धरलात?" तर म्हणाले, "नुसतं बसून बघवेना."

तो उपदेश त्यांनी परत कधी केला नाही. पण आपलं चुकलं असंही देवळात कधी म्हटलं नाही. हवालदारांनाही तशी अपेक्षा नव्हती. "काटा निघाला न्हवं? मग पाय दावत कशाला फिरायचं?" एवढंच म्हणाले.

यानंतर दोन-तीन वर्षांनी एस्तेरवहिनींना क्षय झाला.

एस्तेरवहिनी म्हणजे हवालदारांची बायको. ठेंगणी, भराभर चालणारी, बोलण्यात नवऱ्याला न जुमानणारी पण कामात त्याचा शब्द खाली न पडू देणारी. हवालदार घरात फौजेसारखेच बोलायचे. "पानी!" "छत्री!" "चल!" आणि पाणी, छत्री, वहिनी सगळं हजर व्हायचं. मूलबाळ नव्हतं. छातीचा फोटो काढला, डॉक्टरांनी दीड वर्षाचा औषधोपचार लिहून दिला. गोळ्या रोजच्या, आणि सुई द्यायला एक दिवसाआड मी सायकलवर जायची. चार महिन्यांत खोकला थांबला, अंगावर मांस आलं. बरं वाटू लागतं तेव्हाच माणूस औषध सोडतो, हे आम्हाला शिकवलं होतं. मी त्यांना दर खेपेला बजावायची.

त्याच सुमाराला इस्लामपुरात मांडव घालून मोठ्या सभा झाल्या. बाहेरून कुणी उपदेशक आले होते. मनोहर पाळक चारही दिवस जाऊन आले आणि पेटूनच आले. पुढचे चार रविवार त्यांनी एकच विषय धरला. एका हातानं प्रार्थना आणि दुसऱ्या हातात औषधाची बाटली म्हणजे दोन्ही डगरींवर पाय. देवाला अर्धा विश्वास नको असतो. मी चारही रविवार पाचव्या बाकावर बसून ते ऐकलं. माझ्या सायकलच्या पिशवीत औषधाच्या बाटल्या होत्या. मला वाटलं, हे आपल्यालाच बोलताहेत. मान खाली घातली आणि गीतपुस्तकाचा कोपरा दुमडत बसले.

चौथ्या रविवारनंतर मी सुई घेऊन गेले तर वहिनी चुलीपुढून उठल्या नाहीत.

"शिस्टर, आता नगं," म्हणाल्या. "मी परभूवर टाकलंय."

मी समजावलं, रागावले, हात धरला. तेवढ्यात हवालदार आत आले. त्यांनाही ते तेव्हाच कळलं. गोळ्यांचा डबा त्यांनी ट्रंकेत खाली दडवलेला पाहिला आणि ओरडले, "ऊठ! सुई घे आदी!"

वहिनी उठल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "आवं, तीस वरसं तुमचा हुकूम पाळला. तोंडानं काय बी बोलले असंन, पर कवा मोडला न्हाई. आता एक डाव देवाचा पाळू द्या की मला."

हवालदारांचं तोंड उघडं राहिलं. मी त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं. ते बाहेर जाऊन पायरीवर बसले. मीही सुई गुंडाळून बाहेर आले. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. ती त्यांनी आधी कुणाला सांगितली असेल असं वाटत नाही.

लढाईत ते ब्रह्मदेशाच्या हद्दीवर होते. खेचरांवरून दारूगोळा न्यायचं काम. एक नदी आडवी आली. गोऱ्या साहेबानं नकाशा पाहिला आणि म्हणाला, पार करा. "साब चांगला मानूस. आमच्या आदी सवता जेवायचा न्हाई. पर त्येला त्या नदीचं पानी म्हाईत न्हवतं. मी आदल्या सांजंला खेचरं पाजाया उतरलो हुतो. मला म्हाईत हुतं, मदी ओढ हाय. मी 'जी साब' म्हनलो. दोन पोरं गेली, बाई. येक आपल्या साताऱ्याकडचं, येक गढवाली. साबाला म्हाईत न्हवतं. मला म्हाईत हुतं, आन मी गप ऱ्हायलो."

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता मी जातो पाळकसाबाकडं. आठ दीस थांबत न्हाई. तुमी येता का? ह्या पान्याची वळख तुमाला हाय."

मी म्हटलं, आज दवाखान्यात संध्याकाळचीही ड्यूटी आहे. ड्यूटी होती, ते खरं. पण तासाभरानं होती. पाळकसाहेबांच्या समोर उभं राहून, साहेब तुमचं चुकतंय, असं म्हणायची माझी छाती नव्हती. माझी बदली, माझं मंडळीतलं नाव, माझ्या आईला मंडळीतून मिळणारा आधार, सगळं डोळ्यांपुढं आलं. हवालदारांनी मान हलवली. एकटे गेले.

पाळकसाहेबांनी त्यांना बसवलं. म्हणाले, "मी कुणालाही औषध सोडा म्हटलेलं नाही. मी फक्त विश्वास म्हणजे काय ते सांगितलं."

हवालदार म्हणाले, "साब, हुकूम असाच सुटतो. 'नदी पार करा' येवडंच म्हनत्यात. 'बुडून मरा' असं कुनीच म्हनत न्हाई."

पाळकसाहेबांना ते लागलं. तरी त्यांनी गुडघे टेकून हवालदारांसाठी प्रार्थना केली, की या घरात विश्वासाला अडथळा येऊ नये. हवालदारांनीही शेजारी गुडघे टेकले. अडथळा म्हणजे आपणच, हे त्यांना समजलं होतं.

पुढचे तीन महिने मी त्या घरी जायची, पण सुईविना. हवालदारांनी परत हुकूम केला नाही. मला म्हणाले, "हुकमानं सुई टोचली तर तिच्या मनात मी आन देव सामनेसामने हुबं ऱ्हानार. आन त्यात मी हरनार." ते रोज संध्याकाळी गोळ्यांचा डबा तिच्यापुढं ठेवायचे. ती रोज उचलून परत ट्रंकेत ठेवायची. दोघांत भांडण नाही. घरात नुसता थकवा. वाड्यावस्त्या करून मी दमलेली यायची, ती आणखी दमून बाहेर पडायची.

पावसाळा संपता संपता खोकला परत आला. एके सकाळी पदराला रक्त लागलं. वहिनींनी तो पदर धुऊन वाळत घातला, पण डाग राहिला होता. तो हवालदारांनी पाहिला आणि सरळ दवाखान्यात आले. माझ्या टेबलासमोर उभे राहिले. सलाम केला नाही.

"आता?" एवढंच म्हणाले.

या खेपेला मी गेले. पाळकसाहेबांच्या ओट्यावर उभी राहिले. बोलले तेही धड नाही, पण बोलले. म्हटलं, मधेच सोडलेलं औषध नंतर लागू पडत नाही. औषध न सोडता जे जमलं असतं ते आता जमेलच असं नाही. मला हे त्या चारही रविवारी माहीत होतं आणि मी बोलले नाही. आता सांगते.

पाळकसाहेब उठले. खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. मग त्यांनी सांगितलं, लहानपणी त्यांना विषमज्वर झाला होता. गावात डॉक्टर नव्हता. आई तीन दिवस गुडघ्यावर होती आणि ते वाचले. "मला दुसरं काही माहीतच नाही, सिस्टर," म्हणाले. "माझं सगळं जगणं त्या तीन दिवसांवर उभं आहे."

हवालदार म्हणाले, "साब, तुमच्या आईला डॉक्टर मिळाला असता तर ती न्हाई म्हनली असती का?"

पाळकसाहेबांनी चपला घातल्या आणि आमच्याबरोबर निघाले.

वहिनी बाजेवर बसल्या होत्या. पाळकसाहेब खाली सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "एस्तेरबाई, औषध घ्या. मी सांगतो."

वहिनींनी आधी नवऱ्याकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. "ह्ये ह्यांनी सांगाय लावलं का तुमाला?"

"नाही. मीच सांगतोय."

"मग तवा सांगितलं ते खोटं हुतं का?"

मी जमिनीकडं बघत राहिले. पाळकसाहेब देवळात ज्या आवाजात बोलायचे त्याचा मागमूसही नव्हता.

"खोटं नव्हतं," ते म्हणाले. "माझी समजूत कमी होती. माझ्या अर्ध्या समजुतीपायी तुम्ही आजारी पडलात. मला क्षमा करा."

वहिनींनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "पाळकसाब, मी तर तुमच्या शब्दावर ऱ्हायले. आता तुमीच म्हनता शबूद कच्चा हुता. मी कुनाचं ऐकायचं वो?"

यावर हवालदार पुढं झाले. बाजेजवळ उकिडवे बसले. सगळा जन्म ज्या बाईला त्यांनी "पानी! छत्री!" म्हणून हाक मारली, तिला म्हणाले, "एस्तेर, मी इचारतोय. सांगत न्हाई. घेतीस का?"

त्यांनी तिचं नाव घेतलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. वहिनी रडल्या. मग हात पुढं केला.

औषध सुरू झालं. मी रविवारसुद्धा चुकवला नाही. पण ज्याला भ्यायलो होतो तेच झालं. जुनं औषध पुरेसं लागू पडेना. नवं मोठ्या दवाखान्यातून आणवलं, ते त्यांच्या पोटाला सोसेना. एक उसाचा हंगाम निघाला, दुसरा अर्धा. गाडीवाटेवरून कारखान्याकडं जाणाऱ्या बैलगाड्यांची घुंगरं ऐकत त्या पडून असायच्या. हवालदार भाकरी करायला शिकले. वाकड्या व्हायच्या. वहिनी म्हणायच्या, "फौजेत येवडं शिकिवलं, गोल करायचं तेवडं ऱ्हायलं." एका दुपारी, हवालदार नळावर गेलेले असताना, त्या गेल्या.

पुरताना अख्खी मंडळी होती. पाळकसाहेब कबरीच्या डोक्याशी उभे राहिले आणि विश्वासात झोपी गेलेल्यांविषयी बोलायला सुरुवात केली. दोन वाक्यं झाली असतील. हवालदारांनी त्यांच्या कोपराला हात लावला. हळूच म्हणाले, "साब, निस्ती प्रार्थना करा."

पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं आणि प्रार्थना केली. तीही छोटी.

त्यानंतरच्या रविवारपासून हवालदार उपदेशाच्या वेळी बाहेर जाऊ लागले. काही महिन्यांनी पंचांनी त्यांना बोलावलं. मंडळीचे चार पंच, सगळे त्यांच्या वयाचे. एकजण म्हणाला, "शांतवन, असं कसं चालंल? मंडळीत ऱ्हायचं तर संदेश ऐकायला पायजे. पाळकसाबावर राग धरून बसलायस व्हय रं?"

"राग न्हाई," हवालदार म्हणाले. "मंडळीबी सोडत न्हाई. गीत म्हनतो, प्रार्थनेला आत येतो, प्रभुभोजन घेतो. पर आता मला कुनी विश्वासावर सांगाय लागलं की ऐकवत न्हाई. गड्यांनो, माजं कान दमल्यात."

पंच एकमेकांकडं बघू लागले. कोपऱ्यात बसलेले पाळकसाहेब म्हणाले, "त्यांना बाहेर उभं राहू द्या. ते बाहेर आहेत हे ठाऊक असलं, की मी जपून बोलतो."

आणि ते खरंच जपून बोलू लागले. इतकं, की लोक कुरकुरायला लागले. पूर्वीची धार गेली म्हणायचे. एक वाक्य बोलायचे, थांबायचे, दाराकडं बघायचे. पुढे त्यांची बदली झाली तेव्हा निरोपाच्या सभेत सगळ्यांनी त्यांच्या पहिल्या दिवसांतल्या उपदेशांची आठवण काढली. ते ऐकताना त्यांचा चेहरा मी पाहत होते. त्यांना ते सोसत नव्हतं.

त्यांच्या आधी वर्षभर माझी बदली सांगलीकडं झाली होती. त्यांच्या निरोपाच्या सभेला म्हणून मी परत आले होते, आणि सभेनंतरची संध्याकाळ मोकळी होती. हवालदारांना भेटावं म्हणून त्यांच्या घरी गेले तर दाराला कडी. शेजारणीनं सांगितलं, "माळावरल्या धनगराच्या वस्तीवर असत्यात ह्या येळेला."

मी चालत गेले. वस्तीवर तीन-चार झोपड्या, बाहेर मेंढरांचा वाडगा. एका झोपडीच्या दारात हवालदार जमिनीवर बसले होते. दाढी दोन दिवसांची वाढलेली, बुटांवर धूळ. पाठ खांबाला टेकलेली, डोळे अर्धे मिटलेले. आत एक तरणी बाई खोकत होती. तिच्यासाठी दवाखान्यातल्या गोळ्या होत्या, आणि त्या ती घेत नव्हती. नवरा कुठं मेंढरांमागं गेला होता. माझ्या जागी आलेल्या नर्सनं नंतर सांगितलं, की औषध सोडलेल्या चार-पाच घरी हवालदार असे रोज जाऊन बसतात, कुणी सांगितलेलं नसताना.

मी जरा लांबच थांबले. त्यांचं माझ्याकडं लक्ष नव्हतं.

आतून ती बाई वैतागून म्हणाली, "आवं बाबा, जावा की आता घरला. दीस बुडाला. का बसलाय माज्या दारात? मालक हाय का सासरा हाय तुमी माजं?"

"कोनबी न्हाई," हवालदार म्हणाले.

"मग हुकूम कशाला करता?"

"हुकूम कुटं केला, पोरी? इचारतोय. तू न्हाई म्हनलीस तर उद्या येऊन परत इचारीन."

मेंढरं वाडग्यात दाटीवाटीनं सरकत होती. मग भांड्याचा आवाज झाला आणि ती बाई तांब्या घेऊन दारात आली. त्यांच्याकडं रागानं बघत तिनं गोळी तोंडात टाकली, वर पाणी ओतलं आणि गिळल्याचं दाखवायला तोंड उघडून पुढं केलं.

हवालदारांनी वाकून बघितलं. "झ्याक," म्हणाले. मग खांबाचा आधार घेऊन सावकाश उठले, बाईला सलाम केला आणि पलीकडच्या वस्तीकडं चालू लागले.